घाट चढायचा कसा आणि मुख्य म्हणजे उतरायचा कसा : वाई-पाचगणीच्या सायकलींबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वाई-पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यातल्या सायकलिंगबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि खरंच खूप आले. मी वाईत राहते, या रस्त्यांवर बरीच वर्षं सायकल चालवतेय, त्यामुळे जे स्वतः केलंय किंवा डोळ्यांनी बघितलंय तेवढ्यावरूनच उत्तरं देतेय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, काही एकसारखे होते ते एकत्र केलेत.

ताई, मी 47 वर्षांचा, पुण्यात आयटीत काम करतो. दोन वर्षांपासून हायब्रिड सायकल आहे, रविवारी 30-40 किमी होतात, पण सगळं सपाट. वाई ते पाचगणी पसरणी घाट चढावा अशी फार इच्छा आहे. जमेल का? मित्र म्हणतात रोड बाइक घेतल्याशिवाय नाद करू नकोस.
*– एक वाचक, पुणे*

दादा, जमेल. आणि नवीन सायकल अजिबात घेऊ नका त्यासाठी.

आधी घाट नेमका केवढा ते बघू, कारण लोक नुसतं नाव ऐकून घाबरतात. वाई साधारण 700 मीटर उंचीवर, पाचगणी 1300 च्या आसपास, मधलं अंतर 12 किमी. म्हणजे पावणेसहाशे मीटरचा चढ, सरासरी काढली तर पाच टक्क्यांच्या आसपास पडतो. वाहतुकीसाठी बांधलेला जुना घाट आहे, एसटी चढते, मालाचे ट्रक चढतात, त्यामुळे छातीवर येणारा चढ असा फारसा कुठे नाहीये, वळणं वळणं घेत हळूहळू वर नेतो तो रस्ता. तुमच्या हायब्रिडला पुढे, पेडलजवळ, तीन दातेरी चकत्या असतील तर सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी लावली की पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा साधारण एक फेरा होतो. बऱ्याच रोड बाइकांना एवढा हलका गिअर नसतो, तेव्हा मित्रांना सांगा की चढाला तुमचीच सायकल सोयीची आहे.

आता कसं चढायचं. लोकांची पहिली चूक इथेच होते, पसरणी गाव मागे पडलं की पाय ताजे असतात, अंगात जोर असतो, आणि पहिल्या दोन किलोमीटरमध्ये सगळं उधळून टाकतात, मग अर्ध्या घाटात पोटरीत गोळा. तुम्ही ताशी सात-आठच्या स्पीडने जा, लाज वाटली तरी जा. शेजारी कोणी असेल तर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, बोलताना दम तुटायला लागला की गिअर अजून हलका करा. या हिशोबाने दीड ते पावणेदोन तासात घाट होतो, दोन लागले तरी काही बिघडत नाही. बुवासाहेब मंदिराजवळ थांबून पाणी प्या, खाली धोम धरणाचं पाणी दिसतं ते बघा, मग दांडेघरपर्यंत शांतपणे या.

खाण्याचं सांगते कारण ते सगळे विसरतात. भूक लागली की खाऊ असं म्हणू नका, भूक लागेपर्यंत उशीर झालेला असतो, हातपाय गळतात आणि डोकं चालत नाही. निघायच्या आधी पोहे किंवा केळी, मग दर पाऊण तासाने थोडं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर, जे पोटाला सवयीचं आहे ते. एका बाटलीत साधं पाणी, दुसऱ्या बाटलीत लिंबू-मीठ-साखर.

आणि शनिवार-रविवारी येऊ नका हो. किंवा यायचंच असेल तर वाईतून उजाडता उजाडता निघा, नऊनंतर त्या घाटात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि धुरात चढायचं म्हणजे शिक्षा आहे. जाताना एक लक्षात ठेवा, पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. मला दरवेळी तिथून जाताना बरं वाटतं, म्हणून सांगितलं.

ताई मी साताऱ्यात कॉलेजला आहे, सेकंड हँड रोड बाइक घेतली आहे. गेल्या महिन्यात पाचगणीहून वाईकडे उतरताना मागची ट्यूब धाडकन फुटली, कसाबसा थांबलो. टायर नवीन होता, खिळा काच काही नव्हतं. दुकानवाला म्हणाला ट्यूब खराब असेल. पुन्हा त्या उतारावर जायची भीती वाटते.
*– एक विद्यार्थी, सातारा*

थांबलास आणि नीट आहेस हे वाचून आधी हायसं वाटलं. भीती वाटते ते चांगलं आहे, ती घालवायची घाई करू नकोस, आधी कारण समजून घे. या पत्राचं उत्तर मी मुद्दाम लांब लिहितेय कारण मला आलेल्या पत्रांमध्ये वीसेक जणांनी घाट चढायचा कसा ते विचारलंय आणि उतरायचा कसा हे तुझ्याशिवाय एकानेही नाही. आणि मी या घाटांमध्ये जेवढे सायकलवाले पडलेले बघितलेत ते जवळपास सगळे उतारावर.

ट्यूब खराब असूही शकते, पण तुझी सायकल रिम ब्रेकची असणार, म्हणजे रबर थेट रिमला, चाकाच्या धातूच्या कड्याला, घासतं. आता हिशोब बघ. तू आणि सायकल मिळून 85 किलो धर, पावणेसहाशे मीटर खाली उतरायचंय. चढताना पायांनी जी सगळी ऊर्जा घातलीस ती उतरताना कुठेतरी जायला पाहिजे ना. ती सगळी ब्रेकमध्येच गेली असं धरलं तर साधारण दीड लिटर पाणी माठातल्या गारव्यापासून उकळीपर्यंत नेण्याएवढी उष्णता होते. प्रत्यक्षात बरीच वाऱ्याच्या विरोधात जाते, पण तू जर घाबरून पूर्ण घाट ब्रेक दाबूनच, हळूहळू, घासत घासत उतरलास तर वारा काही मदत करत नाही आणि ती सगळी उष्णता त्या दोन पातळ रिममध्ये साठत जाते. रिम तापली की आतली हवा तापते, प्रेशर वाढतं, रिमची आतली पट्टी जुनी असेल तर वितळून सरकते, टायरची कड सैल होते, आणि ट्यूब फुटते. माझ्यासोबतच्या एका मुलीचं असंच झालं होतं, केळघरच्या घाटात, मेढ्याकडे उतरताना. आम्ही थांबून रिमला बोट लावलं तर बोट भाजलं.

म्हणजे गंमत अशी की जास्त काळजी घेणाऱ्यालाच हे जास्त होतं. ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. सरळ पट्ट्यात सायकल थोडी पळू दे, वळणाच्या आधी, अजून सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक नीट दाबून स्पीड पाडायचा, आणि मग सोडून वळण घ्यायचं. वळणात असताना जोरात ब्रेक दाबला की चाक घसरतं, विशेषतः पुढचं, आणि पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्याच पायावर वजन, नजर वळण जिथे संपतं तिथे. समोरच्या चाकाकडे किंवा दरीकडे बघत राहिलास तर सायकल तिकडेच जाते, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही पण खरं आहे. हात खालच्या वाकड्या हँडलवर ठेव, वरून धरलं की ब्रेकला ताकद पुरत नाही.

आणि आपली बाजू सोडायची नाही, काहीही झालं तरी. टीव्हीवर रेसवाले वळण कापतात कारण त्यांच्यासाठी रस्ता बंद केलेला असतो, आपल्याकडे त्याच वळणावर समोरून एसटी ओव्हरटेक करत येत असते. वळणाच्या आतल्या कडेला खडी जमलेली असते ती वेगळीच.

निघण्याआधी पाच मिनिटं काढ. ब्रेक रबरात रुतलेली खडी किंवा चकचकीत कण दिसले तर टोकाने काढ, रबरावरच्या खाचा पुसल्या असतील तर बदल, केबलचे तंतू तुटलेत का बघ, रिमची आतली पट्टी नवीन टाक, हवा टायरवर लिहिलेल्या मॅक्सिममपर्यंत ठासून भरू नकोस. आणि पहिले दोन-तीन वेळा घाटात मधेच थांब, रिम गार होऊ दे. थांबण्यात कसला कमीपणा नाही. डिस्क ब्रेकवाल्यांचं रिमचं टेन्शन जातं पण डिस्कसुद्धा तापते, तापलेल्या डिस्कला हात लावू नका कोणी.

मुलगा नववीत आहे, सायकल हवी म्हणतो. दुकानात पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली जाड टायरची छान दिसते आणि बजेटमध्ये बसते. आमच्याकडे रस्ते खराबच आहेत. घ्यावी का?
*– एक पालक, मेढा*

नका घेऊ. त्या किमतीतलं मागचं सस्पेन्शन म्हणजे नुसतं वजन आणि चढावर प्रत्येक पेडलला सायकल खाली बसते, मुलाची अर्धी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. साधी, मागे सस्पेन्शन नसलेली, पुढे हलका गिअर असलेली सायकल घ्या. खराब रस्त्यावर सगळ्यात जास्त आराम टायर देतं, रुंद टायर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. उंचीप्रमाणे फ्रेम बघा, वर्षभरात वाढेल म्हणून खूप मोठी घेऊ नका. आणि राहिलेल्या पैशात हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट आणि पंप घ्या, हे तिन्ही सायकलबरोबरच, नंतर बघू असं करू नका.

आम्ही मुंबईचे पाच जण, सगळ्यांकडे चांगल्या माउंटन बाइक्स. पाचगणीचा टेबल लँड किंवा कासचं पठार बघून वाटतं की याच्यापेक्षा भारी एमटीबी ग्राउंड महाराष्ट्रात नसेल. सपाट, मोकळं, दगडी. पावसाळा संपताना यायचा प्लॅन आहे. कुठून पठारावर चढता येईल?
*– एक वाचक, मुंबई*

तुमचा उत्साह कळतो मला, पण कासच्या पठारावर सायकल घालू नका. कळकळीने सांगतेय. टेबल लँडवरही नको आणि आसपासच्या कुठल्याच सड्यावर, म्हणजे अशा खडकाळ पठारावर, नको.

वरून दगडी दिसतं ते खरंच दगडी आहे, जांभा दगड, आणि त्याच्यावर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर. त्या बोटभर मातीत पावसाच्या तीन-चार महिन्यांत सगळं होतं, रुजणं, फुलणं, बी धरणं, आणि मग पुढे आठ महिने ते बी तिथेच पडून राहतं उन्हात. सीतेची आसवं म्हणतात ती निळी-जांभळी चिमुकली फुलं बघितली असतील, ती वनस्पती किडे खाते, कारण त्या मातीत नायट्रोजनच पुरेसा नसतो, म्हणून तिने दुसरी सोय केली. गेंद, तेरडा, सोनकी, सगळे असे हिशोबाने जगणारे. त्या ओल्या थरावरून सव्वादोन इंची दातेरी टायर गेलं की एक चर पडते, पुढच्या सरीत पाणी त्या चरीतून वाहतं आणि तेवढी माती घेऊन जातं. ती परत कशी येणार? वरून दुसरी माती येणारच नाही कुठून, पठार आहे ते. एकाचा माग दिसला की दुसरा त्याच्यावरून जातो, आणि तुम्ही तर पाच जण.

कास 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, फुलांच्या दिवसात तिथे माणसं सुद्धा मोजून सोडतात आणि आधी बुकिंग करावं लागतं. महाबळेश्वर-पाचगणीचा सगळा भाग 2001 पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे. पण नियम बाजूला ठेवा, मला वाटतं एकदा गुडघ्यावर बसून त्या फुलांकडे बघितलंत तर तुम्ही स्वतःच सायकल उचलून रस्त्यावर न्याल. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासला जाणारा डांबरी रस्ता मात्र सायकलीला सुंदर आहे, जवळपास 25 किमी, त्याने या, सायकली बाहेर लावा आणि पठारावर चालत फिरा.

आणि खडबडीत रस्ताच हवा असेल तर जागा भरपूर आहेत हो. वाईहून मेणवली, मेणवलीहून धोम, आणि पुढे बलकवडी धरणाच्या बाजूने जोर गावाकडे जाणारं कृष्णेचं खोरं. हा भाग मला इथला सगळ्यात आवडता. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे, तिथल्या देवळात वसईहून 1739 मध्ये आणलेली मोठी घंटा आहे. पुढे दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येत जातात आणि गाड्या जवळजवळ संपतात. तिथे शेताकडे, वाड्यांकडे जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटा आहेत, कच्च्या, चाकोऱ्या पडलेल्या, मधे ओढे, त्या रोज वापरातल्याच आहेत त्यामुळे तुमच्या टायरने काही वाईट होत नाही. फक्त गावात थांबून विचारा, कुणाची वाट कुणाच्या खळ्यातून जाते ते आपल्याला माहीत नसतं. आणि वर भिलार-पाचगणी बाजूला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या कडेने जाताना खाली उतरून सायकल हातात धरा, ठिबकच्या नळ्या असतात, एक नळी फाटली की त्या शेतकऱ्याची सकाळ जाते.

दुसरा पर्याय महाबळेश्वरहून तापोळा. डांबरी आहे पण जागोजागी उखडलेला, कोयनेच्या पाण्यापर्यंत जवळपास सातशे मीटर उतरतो. जाताना मजा येते, परत तेवढंच चढायचंय हे आधी लक्षात घ्या आणि दुपारच्या आत परत फिरा, संध्याकाळी त्या जंगलात रस्त्यावर गवे येतात. गवा दिसला तर थांबायचं, अंतर ठेवायचं, बेल वाजवायची नाही, तो जाईपर्यंत वाट बघायची.

मी भिलारच्या जवळ एका शाळेत शिकवते. घर पाचगणीत. रोज वडापने, म्हणजे शेअर जीपने जाते. सायकलने जावंसं फार वाटतं पण घरचे म्हणतात लोक काय म्हणतील, आणि मला स्वतःला कुत्र्यांची आणि धुक्याची भीती. वय 38.
*– एक शिक्षिका, पाचगणी*

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकी सगळी पत्रं सुट्टीतल्या सायकलिंगची, तुमचं एकट्याचं रोजच्या कामाचं. मला वाटतं तुम्ही सुरू करावं.

लोक काय म्हणतील याचं मी काय सांगू, एवढंच सांगते की मी वाईत सुरू केलं तेव्हा पहिले पंधरा दिवस बघत होते सगळे, मग चहावाले काका हात करायला लागले, आणि आता दोन दिवस दिसले नाही तर विचारतात बरं आहे ना म्हणून. रस्त्यावरच्या ओळखी हीच खरी सुरक्षा असते. पहिले काही दिवस रविवारी सकाळी कुणाला तरी सोबत घेऊन नुसतं जाऊन या, रस्ता कुठे अरुंद होतो, टपऱ्या कुठे आहेत ते कळेल.

कुत्री सायकलच्या मागे लागतात ती फिरणाऱ्या पायांमुळे. अंगावर आलं तर पळवू नका सायकल, उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा आणि मोठ्या आवाजात ओरडा, बहुतेक वेळा तिथेच संपतं. चावलं किंवा नुसतं खरचटलं तरी जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करायचं, यात हयगय नको.

धुक्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. जून ते सप्टेंबर वडापनेच जा. तिथल्या धुक्यात समोरची गाडी दहा फुटांवर आली तरी दिसत नाही आणि तुम्ही तिला कशा दिसणार. ऑक्टोबरला सुरू करा, दिवसासुद्धा मागचा लाल लाइट चालू ठेवा, भडक पिवळं किंवा केशरी जॅकेट घाला. सायकलला मडगार्ड आणि कॅरिअर लावून घ्या, वह्यांचं ओझं पाठीवर नको, सायकलवर असू दे. सीट टोचते म्हणून पुष्कळ बायका महिनाभरात सोडून देतात, तर सीटची उंची आणि कल आधी नीट करा, बायकांसाठी मागे थोडी रुंद सीट मिळते ती बसवून घ्या.

आणि भिलार तर पुस्तकांचं गाव, 2017 पासून घराघरात पुस्तकं ठेवलीत. शाळा सुटल्यावर तिथे कुठल्यातरी घराच्या ओट्याला सायकल टेकवून पुस्तक वाचत बसता येईल तुम्हाला. माझ्या गावात अशी सोय नाही.

जुलैमध्ये भर पावसात पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढायचंय, धबधबे बघत. काय तयारी लागेल?
*– दोघे मित्र, महाड*

जुलैमध्ये नको. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्ये. जुलै 2021 मध्ये 24 तासांत जवळपास 600 मिलिमीटर पडला, तेव्हा हाच घाट जागोजागी खचला आणि बंद करावा लागला. दरड येताना सायकलवाल्याला कुठेही आडोसा नसतो. डिसेंबरमध्ये करा, साधारण 40 किमी आणि बाराशे मीटरच्या वर चढ आहे, पसरणीच्या दुप्पट. वाडा कुंभरोशीला प्रतापगडचा फाटा लागतो, तिथे पाणी भरून घ्या आणि पिठलं-भाकरी खा.

वाईहून दर रविवारी पाचगणी करतो, आता 58 मिनिटांवर आलोय. पुढे काय करू? डेक्कन क्लिफहँगरबद्दल ऐकलंय.
*– एक वाचक, वाई*

अरे वा, मग आपण रस्त्यात नक्की भेटलो असू. डेक्कन क्लिफहँगर म्हणजे पुणे ते गोवा साधारण साडेसहाशे किलोमीटर, आणि ती रेस तुझ्या याच घाटाने वर येऊन पाचगणी, महाबळेश्वर, मेढा, सातारा अशी पुढे जाते. अमेरिका आडवी पार करायच्या रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) रेससाठी ती पात्रता रेस आहे. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या टीमने रॅम पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये एकट्याने. म्हणजे आपल्याच गावा-शहरांतली माणसं आहेत ही.

पण तू आधी ब्रेव्हे कर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. 200 किमी, साडेतेरा तासात, पहिलं-दुसरं काही नसतं, वेळेत पोचलास की झालं. मग 300 ला 20 तास, 400 ला 27, 600 ला 40. त्यात रात्रीची सायकल, झोप, पोट, पंक्चर सगळं शिकायला मिळतं. तोवर घाटाची मिनिटं मोजणं थोडं थांबव आणि एकाच दिवशी पसरणी, मग परत वाईत येऊन मांढरदेवी, असे दोन घाट कर. ऊसाच्या सीझनमध्ये पहाटे निघशील तर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, पुष्कळांना मागे लाइट नसतो, तेव्हा पुढचा लाइट चांगला जोरदार घे. आणि मांढरदेवीहून उतरताना वरचं दुसरं उत्तर परत एकदा वाच.